रिक्षामामा, आभार मानायचे राहूनच गेले होते

मामा, नमस्कार.

तुम्ही हे स्वतः वाचणार नाही, हे मला ठाऊक आहे. तुमचा मुलगा मोबाईलवर वाचून दाखवेल आणि निम्म्यातच तुम्ही "बास की आता" म्हणाल. त्याला सांगा, शेवटपर्यंत वाच. समोर येऊन आभार मानायला गेलं की तुम्ही रिक्षा चालू करता, म्हणून हे असं चारचौघांत लिहिते आहे.

जूनपासून आम्ही सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात राहतो. मुलगा पाचवीत, मुलगी पहिलीत. दोघं चालत शाळेत जातात, चालत घरी येतात. एवढ्या साध्या गोष्टीसाठी पत्र कशाला, असं वाचणाऱ्याला वाटेल. ज्यांनी मुलांसाठी म्हणून या गावात घर शोधलंय, त्यांना नाही वाटणार.

जोडबसवण्णा चौकाजवळच्या आमच्या भाड्याच्या खोल्या तुम्ही पाहिल्यात. शेजारची पोरं न्यायला रोज बोळाच्या तोंडाशी यायचात. जागा वाईट नव्हती. भाजी, दवाखाना, देऊळ, सगळं हाताशी, आणि माणसं तर विचारूच नका. पण मागच्या भिंतीला लागून पॉवरलूम. दिवसरात्र खटखट. मुलगा पाढे त्या तालावर म्हणायला लागला, तेव्हा ह्यांनी ठरवलं, गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा उठली की घर बघायचं.

आणि मग सुरू झाला सल्ल्यांचा पाऊस. दीर पुण्यात. त्यांचं म्हणणं, "मुलांचं भलं करायचं तर सोलापूर सोडा." सोलापूरच्या प्रत्येक घरात असा एक जण असतो. हुतात्मा एक्स्प्रेसने सणाला येतो, कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून नेतो आणि जाताना गावाला नावं ठेवतो. ते सोडून देऊ. घरचाच माणूस आहे.

एजंट मात्र सोडून देण्यासारखे नव्हते. एकाने विजापूर रोडला लागून असलेला फ्लॅट दाखवला. "वहिनी, दहा मिनिटांवर तीन शाळा." ही दहा मिनिटं त्याने रविवारी सकाळी बुलेटवर मोजलेली. दुसऱ्याने प्लॉट दाखवला. एन.ए., म्हणजे जागा बिगरशेती, झालंय का विचारलं तर म्हणे, "होतंय, होऊन जाईल." नकाशात हिरव्या रंगाने बाग काढलेली. जागेवर गेलो तर बाभळी, प्लास्टिक आणि आमच्याकडे निवांत बघणारी डुकरं. "पुढे डेव्हलप होणार" हे वाक्य मी त्या महिन्यांत इतक्यांदा ऐकलं की सासूबाई झोपेतसुद्धा म्हणतील.

शाळांची गंमत याहून मोठी. मी गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात हिशेब बघते, हे तुम्हाला माहीत आहे. आपल्या गावातून देशभर गणवेश जातात. बिल्ला, टाय, ब्लेझर यांना किती खर्च येतो आणि शाळा पालकांकडून किती घेते, हे दोन्ही आकडे माझ्या समोर असतात. त्यामुळे ब्लेझरला मी भुलत नाही. पण एका शाळेने तर आमचीच परीक्षा घेतली. काचेच्या केबिनमध्ये बसवून बाईंनी विचारलं, घरी इंग्रजी बोलता का? सासूबाई सोबत होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "मग तुम्ही काय शिकवणार?" पुढे देणगीचा विषय निघाला, पावतीशिवायच्या. आम्ही उठलो. नंतर मी शोधून वाचलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं १३ वं कलम नेमकं यावरच आहे. प्रवेशासाठी देणगी घ्यायची नाही, मुलाची किंवा आईबापांची चाचणी घ्यायची नाही. चाचणी घेतली तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड, त्यानंतर दर वेळी ५० हजारांपर्यंत. केबिनच्या भिंतीवर बक्षिसांचे फोटो भरपूर होते, ते कलम कुठे दिसलं नाही.

मामा, या सगळ्या लोकांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, बजेट किती. तुम्ही बोळाच्या तोंडाशी माझी कटकट ऐकून घेतलीत आणि विचारलंत, "पापाला आणायला कोण जाणार?" माझ्या मुलीला तुम्ही पहिल्या दिवसापासून पापाच म्हणता. मी म्हटलं, आजी जातील. तुम्ही सासूबाईंच्या गुडघ्यांकडे बघितलंत आणि म्हणालात, "मग रोड ओलांडायचा नको. शनिवारी दाखवतो या."

त्या शनिवारी तुम्ही आम्हाला आधी त्या विजापूर रोडच्या फ्लॅटकडेच नेलंत, आणि नेमकं शाळा सुटायच्या वेळेला. इसार द्यायचं आमचं जवळजवळ ठरलं होतं. तिथे तुम्ही जे केलंत, ते मी कधी विसरणार नाही.

रिक्षा कडेला लावलीत. डोक्यावरचा रुमाल काढून घाम पुसलात. आणि रस्त्याच्या कडेला, उभ्या टेम्पोच्या मागे, सरळ उकिडवे बसलात. मला वाटलं चक्कर आली. तुम्ही वर न बघताच म्हणालात, "ताई, बसा की इथं. पापाएवढं व्हा."

मी आधी इकडेतिकडे बघितलं, खोटं कशाला बोलू. समोर हॉटेलात माणसं चहा पीत होती. मग ओढणी सावरून बसले. आणि तिथून मला काय दिसलं? टेम्पोचं मागचं चाक. त्याच्या मडगार्डला लटकलेली रबराची चिखलपट्टी. पलीकडे उसाच्या गाड्याच्या दांड्या. डांबर. बस्स. आवाज सगळे येत होते, पण कुठून ते कळत नव्हतं. एवढ्यात टेम्पोच्या आडून पाण्याचा टँकर आला. दिसला तेव्हा त्याचा बंपर माझ्यापासून दोन हातांवर होता. चालकाला मी दिसले असेन असं मला वाटत नाही. त्याचं तोंड तर मला दिसलंच नाही. त्याच रस्त्याकडे मी आधी उभी राहून बघितलं होतं, तेव्हा लांबवर सगळं स्वच्छ दिसत होतं.

मुलीला वाटलं खेळ चाललाय. ती तुमच्या खांद्याला धरून उभी राहिली आणि आपण दोघं तिच्या उंचीचे झालो म्हणून खूश होती. ह्यांनी काही न बोलता फोन काढला आणि एजंटाला नाही म्हणून कळवलं.

हा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५२. जड वाहतूक शहरातून जाते, तिला वेळा ठरवून देतात, अपघात झाला की आंदोलन होतं, चार दिवस पोलीस दिसतात, पुन्हा तेच. सोलापूरकराला हे नवं नाही. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, पेपरात वाचलेलं होतं. पण घर बघायला गेल्यावर आम्ही टाइल्स बघत होतो.

मग तुम्ही आत नेलंत. मुख्य रस्ता सोडून, गल्लीमागून गल्ली. जाता जाता शाळा कशी ओळखायची ते सांगत होतात, आणि त्यात निकालाचा एकही आकडा नव्हता. शाळा सुटल्यावर शेवटचं पोरगं जाईपर्यंत बाई फाटकात उभ्या असतात का. शिपाई रिक्षावाल्यांना प्यायला पाणी देतो का. पावसात पोरांना आत थांबू देतात की बाहेर काढून कुलूप लावतात. पोरं ओरडत बाहेर येतात की गप. "गप आली की समजायचं, आत काय तर गडबड हाय." या शेवटच्या कसोटीबद्दल मला अजून थोडी शंका आहे. माझा मुलगा कुठेही गप नसतो, तो तुरुंगातूनही ओरडतच बाहेर येईल. बाकीच्या कसोट्या मात्र मी आता ओळखीच्या प्रत्येकाला ऐकवते.

सकाळच्या शाळेबद्दलचं तुमचं बोलणंही लक्षात आहे. सातच्या शाळेची लहान पोरं रिक्षात झोपतात, वळणावर एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने पोरगं धरावं लागतं. सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका म्हणून सांगितलं, तेव्हा तुम्ही खूश झालात. आणि लगेच म्हणालात, "पण एप्रिलात बाराच्या उन्हात सोडू नका म्हणावं." आपल्याकडे पारा ४३-४४ ला जातो, हे मुंबईत बसून कसं कळणार.

शेवटी ती गल्ली आली. मोठं काही नाही. बैठी घरं, मधे मधे दोन मजली. एका कट्ट्यावर तीन आजोबा, एकाच पेपरची पानं वाटून घेऊन वाचत बसलेले. रस्त्यावर विटा मांडून क्रिकेट. तुम्ही घराकडे आधी बघितलंच नाही. नळावर भांडं घासत असलेल्या मावशींना विचारलंत, "मोटर न लावता पाणी वर चढतंय का?" सोलापुरात हा प्रश्न विचारायचं धाडस एजंटात नसतं. उजनी धरण आपल्याच जिल्ह्यात, ११७ टीएमसीचं, आणि नळाला पाणी काही दिवसांआड. त्यातून हा हद्दवाढ भाग. १९९२ साली ही गावं महापालिकेत आली, तरी अजून आपण त्याला हद्दवाढच म्हणतो, कालपरवा झाल्यासारखं. मावशी म्हणाल्या, खालच्या टाकीत येतं, वर नाही चढत, वेळ कधी रात्रीची असते. खरं सांगितलं. मला त्याच वेळी ती गल्ली आवडली.

शाळा त्या गल्लीच्या टोकाला, मराठी माध्यमाची, सेमी इंग्रजीची. पहिलीचा वर्ग पत्र्याचा नाही, मैदान मातीचं पण मोकळं आहे, आणि मधे ओलांडायला एकही मोठा रस्ता नाही. कायद्याचे नियमही पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असंच सांगतात. ते मी नंतर वाचलं. तुम्ही आधीच पावलांनी मोजून दाखवलंत.

परत येताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमचा मुलगा पुढच्या वर्षीपासून तुमच्या रिक्षात यायचा होता, मुलगीही. दोन पोरांचं महिन्याचं भाडं. आणि तुम्ही आम्हाला असं घर शोधून दिलंत, जिथून रिक्षाच लागणार नाही. ह्यांनी तसं बोलून दाखवलं, तर तुम्ही हुडाच्या हुकावरचं कुणाचं तरी विसरलेलं दप्तर नीट अडकवत म्हणालात, "पोरं भरपूर हायत की ओ. चालणारी कमी झालीत." त्या दिवसाचं भाडंसुद्धा घेतलं नाहीत. सासूबाईंनी मुठीत कोंबलेली नोट पापाच्या हातात देऊन गेलात.

मामा, तुम्ही लूमवर होतात, लूम बंद पडला म्हणून रिक्षा घेतलीत, एवढंच तुमच्याबद्दल मला माहीत आहे. कमिशनवर जगणाऱ्यांनी आम्हाला आठवडेच्या आठवडे फिरवलं. ज्याचं नुकसान होणार होतं, त्याने एका दुपारी प्रश्न सोडवला. आणि असे तुम्ही एकटे नाही, हेही आता दिसायला लागलंय. रात्री दोनला पाणी आलं की समोरच्या काकू आमच्या दारावर थाप मारतात, स्वतःची टाकी भरायच्या आधी. आसरा पुलावरच्या कोंडीत एक चहावाला अॅम्ब्युलन्सला वाट करून द्यायला टपरी उघडी टाकून धावलेला मी पाहिलाय. ही माणसं कुठल्याच जाहिरातीत नसतात. "शांत, सुसंस्कृत परिसर" असं फलकावर लिहिणाऱ्याने आम्हाला यांतलं एकही माणूस दाखवलं नव्हतं.

सगळं छान झालंय असं नाही. गल्लीत कुत्री फार आहेत. कोपऱ्यावरचा दिवा लागतो तेव्हा लागतो. मुलाला जुन्या बोळातल्या दोस्तांची आठवण येते, आणि खरं सांगते, मलाही कधी कधी त्या लूमच्या आवाजाशिवाय झोप लागत नाही. पण दुपारी कारखान्यात हिशेब करताना माझं लक्ष घड्याळाकडे जात नाही. आधी शाळा सुटायची वेळ झाली की हात थांबायचे. आजी फाटकाशी जातात, बाई तिथे उभ्या असतात, दोघी दोन मिनिटं बोलतात. बाईंच्या माहेरची आणि सासूबाईंच्या माहेरची गावं जवळजवळ निघालीत, आता ते दोन मिनिटांत आटपत नाही.

आता कामाचं. आमच्या कारखान्यात काजं-बटणं करणारी एक मुलगी शेळगीकडे घर बघते आहे, तिचंही पोरगं पहिलीत जाणार. तुमचा नंबर मी तिला दिलाय. ती येत्या शनिवारी फोन करेल. तिला आधीच सांगून ठेवलंय, जुना ड्रेस घालून जा, रस्त्यावर बसावं लागेल. आणि मामा, तिच्याकडून भाडं घ्या. तुम्ही नको म्हणाल, हेही तिला सांगितलंय. ती ऐकणार नाही.

तुमची,
पापाची आई