वाकळीची भोकं

लीड्स, रविवार रात्र

ती. आई व आप्पांना साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे, जेवण वेळेवर होतं. टीव्हीवर इथल्या आगीची बातमी बघून आई रात्रभर जागी होतीस, असं वैशू म्हणाली. आई, ते गाव माझ्यापासून फार लांब आहे. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

माझ्या खोलीबाहेर छताला बशीएवढा धुराचा अलार्म आहे. भाड्याच्या घरात प्रत्येक मजल्यावर तो हवाच, असा इथं २०१५ पासून कायदा आहे. फोडणीत मिरची करपली की तो असा बोंबलतो की सगळं घर अनवाणी रस्त्यावर. पासपोर्टसुद्धा घ्यायला थांबायचं नाही. आग नसली तरी! दर आठवड्याला बटण दाबून आवाजही बघतात. पहिल्यांदा मला खुळेपणाच वाटला. पण झोपलेल्या माणसाला धुराच्या वासानं जाग येत नाही, जाळ पोचायच्या आधी धूरच जीव घेतो.

आप्पा, आता तुमच्याशी बोलायचंय. मी ज्या आजोबांचं करायला जाते, त्यांच्या खुर्चीच्या हाताला सिगारेटची सहा काळी भोकं आहेत. तुमच्या वाकळीला येताना मी नऊ मोजली होती. इथं आगी जास्त लागतात स्वयंपाकामुळं, पण माणसं जास्त जातात ती सिगारेटच्या आगीत. २०११ पासून सिगारेटच्या कागदात जाड पट्टे घालतात, ओढली नाही तर विझावी म्हणून. तरी जातात. विडी आपसूक विझते म्हणाल. पण निखारा वाकळीत पडला की जुनी लुगडी जाळ धरत नाहीत, तासन्‌तास आत धुमसतात. आणि भेगांसाठी मीच पाठवलेलं ते मलम पॅराफिनचं आहे. कापडात मुरलं की कापड भराभर पेटतं. मला हे इथं कामावर शिकवलं, तेव्हापासून झोप नाही. मलम लावा, पण वाकळ धुवा आणि विडी अंगणात बसून ओढा. माच्यावर नको.

दीड लाख दहा तारखेपर्यंत येतील. आधी सोसायटीचं कर्ज, मग बेदाण्याच्या शेडचं बघा. वैशूच्या साखरपुड्याला रजा मिळत नाही. मी खूप विचारून बघितलं आई, खरंच. लग्नाला नक्की येते. पाव्हण्यांना तसं सांगा.

तासगावचा एक मुलगा गावी येतोय, त्याच्याकडं दोन अलार्म दिलेत. बॅटरी आत आहे. एक आप्पांच्या खोलीत छताला लावा, चुलीजवळ नको. लावला की वैशूला बटण दाबायला सांगा आणि फोन चालू ठेवा. मला तो आवाज ऐकायचाय.

तुमची,
सुमन