ओला कचरा घरातच जिरवावा

महोदय,

पर्यावरणपूरक राहणीसाठी महागडी उपकरणे लागतात, हा समज सोडून नाशिककर कुटुंबांनी स्वयंपाकघरापासून सुरुवात करावी. भाज्यांचे देठ, फळांच्या साली, चहाचा चोथा हे सारे ढिगाऱ्यात हवेविना कुजले की मिथेन वायू तयार होतो आणि १०० वर्षांच्या कालावधीत तो कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. तोच कचरा छिद्रे असलेल्या कुंडीत वाळलेल्या पाल्याच्या थरांसह घालून अधूनमधून हलवला, तर दुर्गंधी न येता दोन-तीन महिन्यांत खत तयार होते. पाला विकत आणावा लागत नाही. उलट तो अनेक ठिकाणी सर्रास जाळला जातो, हे अधिक खटकते. निर्माल्यही दोरा व प्लॅस्टिक काढून याच कुंडीत घालावे, कारण पिशवीसह रामकुंडात सोडलेल्या फुलांनी गोदामाईची सेवा घडत नाही. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी फरशी पुसण्यास सहज वापरता येते; गंगापूर धरणावर अवलंबून असलेल्या शहराने तेही सांडू देऊ नये. महापालिकेने प्रत्येक प्रभागातील उद्यानांत गोळा होणारा पाला नागरिकांना खतासाठी विनामूल्य द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, नाशिक