रेवा यंदा जूनमध्ये येणार नाही

मेसन, ओहायो
२० एप्रिल

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप सौ. आई यांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

रविवारी फोनवर जे सांगायचे होते, ते माझ्याने सांगवले नाही. आईने विचारले, "रेवाला यंदा आतल्या खोलीत झोपवू की दिवाणावर?" आणि मी "बघू" म्हणून विषय बदलला. त्यानंतर दोन रात्री झोप नीट लागली नाही, म्हणून शेवटी लिहायला बसले. रेवा यंदा जूनमध्ये येणार नाही. तिने इथल्या किंग्ज आयलंड नावाच्या अ‍ॅम्युझमेंट पार्कमध्ये उन्हाळ्याच्या हंगामापुरती नोकरी धरली आहे, आम्ही दोघांनी तिला होकार दिला आहे आणि पुढच्या आठवड्यात तिचे प्रशिक्षण सुरू होईल. तुम्हाला विचारण्याआधी हे ठरले, याची मला फार बोच आहे. पण तुम्ही नाही म्हटले असते तर मला मोडता आले नसते आणि तिला नाही म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हते, कारण तिच्याएवढी असताना मी काय करत होते, हे तुम्हा दोघांइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक आहे?

आई, तुझ्या मनात पहिल्यांदा पैशाचाच विचार येईल, म्हणून आधी ते सांगते. आम्हाला काही कमी पडलेले नाही. मार्चमध्ये रेवाला अठरा पूर्ण झाली, मेअखेरीस तिची शाळा संपेल आणि ऑगस्टमध्ये ती कॉलेजच्या वसतिगृहात जाईल. मधले अडीच महिने स्वतःच्या कष्टाचे असावेत, असे तिचेच मत आहे. अर्ज तिने स्वतः भरला, मुलाखतीला एकटी गेली आणि सगळे झाल्यावर आम्हाला सांगितले. इथे ही रीतच आहे. या पार्कचा सगळा भार उन्हाळ्यापुरत्या आलेल्या शाळा-कॉलेजांतल्या मुलांवर असतो. आमच्या ओळखीतल्या दोन मराठी घरांतली मुलेही गेल्या वर्षी तिथे होती, एक आइस्क्रीमच्या गाडीवर आणि एक पाण्याच्या तलावावर जीवरक्षक म्हणून. पार्क आमच्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर आहे. आयफेल टॉवरची तीनशे चौदा फुटी प्रतिकृती मधोमध उभी आहे, ती दोन वर्षांपूर्वी तुम्ही आलात तेव्हा बाबांना हायवेवरून दाखवली होती. रोज मी सोडायला जाईन आणि रात्री मीच आणायला जाईन. डबा घरचा देईन. पायांत जाड तळव्याचे बूट असतील, डोक्यावर टोपी असेल आणि पाण्याची बाटली मी स्वतः भरून देईन. इथला उन्हाळा आपल्या मेइतका कडक नसतो, मात्र दुपारनंतर गडगडाट होऊन पाऊस येतो, तेव्हा विजा थांबेपर्यंत राइड बंद ठेवतात आणि मुलांना आडोशाला बसवतात. तेव्हा उन्हाची आणि पावसाची दोन्ही काळजी सोडा.

तिला जी राइड मिळाली आहे तिचे नाव रेसर. पार्क १९७२ साली उघडला, त्या वर्षापासून ती चालू आहे. संपूर्ण सांगाडा लाकडाचा आहे आणि शेजारी शेजारी दोन मार्ग आहेत. दोन्हींवरून गाड्या एकाच वेळी सुटतात, म्हणून ती शर्यत. बाबा, "लाकडाची?" असे तुम्ही मोठ्याने म्हणाल, हे मला इथे बसून ऐकू येते. लाकूड दरवर्षी तपासून लागेल तिथे बदलतात आणि रोज सकाळी माणसे आत येण्याआधी गाड्या रिकाम्या फिरवून पाहतात. पण तुम्हाला खरी गंमत वाटेल ती पुढची. रोलर कोस्टरचा सगळा मार्ग टप्प्याटप्प्यांनी विभागलेला असतो. पुढच्या टप्प्यात एक गाडी असेल तर मागची गाडी त्यात शिरूच शकत नाही, आधीच्या ब्रेकवर आपोआप थांबते. रेवा हे मला समजावून सांगत होती आणि मला आपले बोरिवलीचे जेवणाचे टेबल दिसत होते. तुम्ही मीठ, लोणच्याची बरणी आणि दोन चमचे मांडून आम्हा दोघा भावंडांना शिकवले होते, "एका ब्लॉकमध्ये एकच गाडी." दादा कंटाळून उठून गेला होता, मी बसून राहिले होते. मी रेवाला म्हटले, ही अक्कल या लोकांनी रेल्वेकडूनच घेतली आणि तुझ्या आजोबांनी ती सिग्नल खात्यात चौतीस वर्षे सांभाळली. ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "आजोबांना विचारायला हवे."

हे पत्र लिहिताना खाडीचा वास येतो आहे. १९९८ आणि १९९९ अशी दोन वर्षे, मेच्या सुट्टीत आणि पुन्हा दिवाळीत, मी गोराईची बोट पकडून एस्सेल वर्ल्डला जात होते. पार्क सुरू होऊन नऊ वर्षे झाली होती आणि ९८ साली शेजारी वॉटर किंगडम उघडल्याने गर्दीला उधाण आले होते. जेट्टीवर सकाळी चिखल, तिवरांचा उग्र वास आणि पलीकडे उतरले की गावात बांबूच्या मांडवांवर वाळत घातलेले बोंबील. आई, तुला तो वास माझ्या कपड्यांना येतो असे वाटायचे. खरे तर तो कपड्यांना कधीच नव्हता, फक्त माझ्या केसांत असायचा. गणवेश एकच मिळाला होता, म्हणून तू तो रोज रात्री धुऊन पंख्याखाली टाकत होतीस आणि पहाटे ओलसर असेल तर इस्त्रीने वाळवत होतीस. विजारीच्या आत तू हाताने एक चोरखिसा शिवला होतास, त्यात बोटीचे परतीचे पैसे. "बाकी सगळे हरवले तरी चालेल, पण घरी यायचे पैसे अंगावर हवेत," असे तू म्हणाली होतीस. काल रात्री मी रेवाच्या पँटच्या आत तसाच खिसा शिवला. इथे बोट नाही आणि सुट्या पैशांची गरजही नाही, तरी शिवला. तिने हसून पाहिले, पण उसवला नाही.

माझे काम बंपर कारवर होते. मुलांना गाडीत बसवायचे, पट्टा लावायचा, शिट्टी वाजवायची आणि फेरी संपली की कोपऱ्यात अडकलेल्या गाड्या हाताने ओढून मोकळ्या करायच्या. बंपर कारला छतावरच्या लोखंडी जाळीतून वीज मिळते, प्रत्येक गाडीच्या मागचा दांडा त्या जाळीला टेकलेला असतो, आणि तो घासला की वर निळ्या ठिणग्या उडतात. त्या ठिणग्यांचा एक करपट वास असतो, पावसाळ्यात ओल्या तारेखालून लोकल जाते तेव्हा येतो तसा. पाळीच्या शेवटी माझ्या पोटऱ्या दगडासारख्या होत. रात्री तू तळव्यांना खोबरेल तेल चोळायचीस आणि मी अर्धवट झोपेत शिट्टीच्या आवाजाने दचकायचे, ते आठवते का?

बाबा, तुम्ही पहिल्या रविवारी न सांगता आला होतात. तुम्ही प्रवेशाचे पूर्ण तिकीट काढले, तेव्हा आपल्या घरात ती रक्कम लहान नव्हती, आणि आत येऊन एकाही पाळण्यात बसला नाहीत. मी मान वर केली तेव्हा कठड्याला टेकून तुम्ही उभे होतात. तासभर उभे होतात. तुम्ही माझ्याकडे पाहत नव्हता, छताकडे, दांड्यांकडे आणि माझ्या पायांकडे पाहत होता. रात्री जेवताना एवढेच म्हणालात, "वीज तोडल्याशिवाय तू खाली पाय ठेवत नाहीस, हे पाहिले. जा उद्यापासून." त्या एका वाक्यावर मी दोन वर्षे काम केले. पुण्याच्या काकांनी दिवाळीत सगळ्यांसमोर मला "पाळणेवाली" म्हटले, तेव्हा तुम्ही त्यांना जे उत्तर दिलेत, तेही मला शब्दशः आठवते. आज तुम्हाला रेवाबद्दल तसेच कोणी काही म्हणाले, तर तेच उत्तर पुन्हा द्यावे, अशी माझी विनंती आहे.

एक गोष्ट मात्र सत्तावीस वर्षे लपवली आहे. ९९च्या मेमध्ये एके रात्री मी खूप उशिरा घरी आले आणि "ओहोटीमुळे बोट अडकली" असे तुम्हाला सांगितले. ते खोटे होते. बंद होण्याच्या सुमाराला एक चारेक वर्षांचा मुलगा माझ्या कठड्यापाशी एकटा उभा होता. तो नाव सांगेना, गाव सांगेना, फक्त माझ्या शिट्टीची दोरी घट्ट धरून राहिला. चौकशीच्या खिडकीतून ध्वनिक्षेपकावर दोन-तीनदा पुकारा झाला. माझी पाळी संपली होती, कोणी मला थांब म्हटले नव्हते आणि मी निघाले असते तरी चालले असते, पण दोरी सोडवावी तर तो रडे. शेवटी डब्यात उरलेली गूळपोळी मी त्याला दिली. त्याने ती कडेने गोल गोल कुरतडून मधला गूळ शेवटी खाल्ला, अगदी दादासारखा. तासाभराने त्याचे आई-वडील धावत आले. दोन कुटुंबे मिळून आली होती आणि प्रत्येकाला वाटले होते की मुलगा दुसऱ्यांसोबत जेट्टीवर गेला. त्याच्या आईने मला मिठी मारली आणि ती बोलूच शकली नाही. मी शेवटच्या बोटीने आले. खरे सांगितले असते तर आईने "नऊच्या आत" या अटीवरून काम सोडायला लावले असते, या भीतीने खोटे बोलले. बाबा, तुम्हाला भरती-ओहोटीच्या वेळा कळत होत्या, त्यामुळे त्या रात्री तुम्ही काहीच न विचारता झोपायला गेलात याचा अर्थ मी नंतर पुष्कळदा लावून पाहिला. आता दोघांनीही मला क्षमा करा.

रेवा परवा म्हणाली, "मला लोकांच्या हातात हात द्यायचे काम मिळाले आहे." गाडी सोडण्याआधी प्रत्येक बाकावरचा मांडीवरचा दांडा हाताने ओढून पाहायचा, मग अंगठा वर करायचा आणि सगळ्यांचे अंगठे दिसल्याशिवाय गाडी सुटत नाही, हे ती गेले तीन दिवस आमच्या सोफ्यावर उशा मांडून घोटते आहे. तिचे वडील पहिल्या बाकावरचे प्रवासी. अशा मुलीला जूनमध्ये ओढून बोरिवलीला आणले असते, तर ती आली असती, तुम्हाला कळूही दिले नसते, पण तिचे मन इथेच राहिले असते. तुम्ही दोघांनी माझे मन घरात बांधून ठेवले नाही, म्हणून मी हे लिहू शकते.

मार्चमध्ये बाबांना दवाखान्यात ठेवले तेव्हा मी तिथे नव्हते, आणि त्यावर हे, याची मला पूर्ण जाणीव आहे. म्हणून मी स्वतः ८ जूनला येते आणि तीन आठवडे राहते. त्या दिवसांत रेवाला सोडण्या-आणण्याचे तिचे वडील पाहतील. डिसेंबरमध्ये कॉलेजला सुट्टी लागली की रेवाही येईल, तिकीट मी आजच पाहून ठेवले आहे, त्यामुळे दिवाणावरची गादी तेव्हा घाला. तोवर पुढील गोष्टी माझे ऐकून करायच्या आहेत. आई, न्हाणीघरात धरायला दांडा बसवणारा माणूस शनिवारी येईल, त्याला "नको, सवय आहे" म्हणून परत पाठवू नकोस. जेवणाच्या डब्याचे पैसे तीन महिन्यांचे भरले आहेत, आवडला नाही तर भाजी बदलून माग, बंद करू नकोस. बाबा, रात्रीची गोळी जेवणानंतर आहे, आधी नाही, आणि हापूस दिवसाला अर्धाच. रेवासाठी पेटी राखून ठेवू नका, ती शेजारच्या मुलांना वाटा, नाहीतर तुम्हीच चोरून संपवाल. दुपारी उन्हात बाजारात जाणे दोघांनीही बंद.

आणि बाबा, रेवाला एक पत्र हाताने लिहा. तिला ब्लॉकचे सगळे समजावून सांगा, चमच्यांसकट, चित्र काढून. मराठीत लिहिलेत तरी ती वाचते, थोडी अडखळते, पण मला विचारत नाही. माझी ती बंपर कारवरची शिट्टी माळ्यावर पत्र्याच्या पेटीत, दादाच्या प्रगतिपुस्तकांखाली असावी. मी आल्यावर शोधू. तुम्ही शिडीवर चढायचे नाही.

तुमची
माई