पोलिसांचं पत्र मागू नका, आधी औषध द्या

संपादक महोदय, नमस्कार.

बलात्काराची बातमी आली की आरोपी कोण, अटक झाली का, मोर्चा निघाला का हे सगळं पेपरात येतं, पण त्या मुलीला पहिल्या दोन-तीन दिवसात दवाखान्यात काय मिळालं ते कुठंच वाचायला मिळत नाही, म्हणून लिहितेय.

मी आशा वर्कर आहे. आमच्या भागातल्या एका मुलीला (सज्ञान होती, बाकी काही सांगत नाही) घेऊन मी आणि तिची आई दवाखान्यात गेलो. केसपेपरच्या खिडकीवर मी हळूच सांगितलं तर तिथला माणूस अख्ख्या लाईनीला ऐकू जाईल असं मोठ्यांदा म्हणाला, रेपची केस का, आधी पोलिसांचं पत्र आणा. चौकीत गेलो तर म्हणे आमची हद्द नाही. दिवस गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी परत गेलो तेव्हा एका सिस्टरनी हाताला धरून आत नेलं म्हणून उपचार झाले.

मला तेव्हा माहीत नव्हतं, आता माहितीय. २०१३ पासून कायदा आहे की सरकारी असो की खाजगी, प्रत्येक हॉस्पिटलनी अशा पेशंटला लगेच आणि फुकट उपचार द्यायचे. पत्र लागत नाही, एफआयआर लागत नाही. पोलिसांना कळवायचं काम हॉस्पिटलचं. उपचार नाकारले तर हॉस्पिटल चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि चौकीनी हद्द सांगून परत पाठवायचं नसतं, झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी तिथंच तक्रार, घ्यायचा असतो.

घाई का, तर एचआयव्ही होऊ नये म्हणूनची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकं चांगलं, आणि पुढे २८ दिवस घ्यायची. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी पण तशीच, पाच दिवसांपर्यंत देतात पण उशीर झाला की असर कमी. पुराव्यासाठी तपासणीचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेता येतात. आंघोळ केली, कपडे धुतले, आता जाऊन काय उपयोग असं आयाबाया म्हणतात, तसं नाही, तरीपण जायचं. त्या वेळचे कपडे असतील तर कागदात गुंडाळून न्यायचे, प्लॅस्टिकमध्ये नाही. तपासणीला मुलगी नाही म्हणू शकते आणि नाही म्हणाली तरी औषधं मिळालीच पाहिजेत. टू फिंगर टेस्टबद्दल (दोन बोटं घालून करायची ती तपासणी) तर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानी स्पष्ट सांगितलंय की जो करेल तो गैरवर्तनाचा दोषी. मुलगी १८ च्या आतली असेल तर पोक्सो, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, लागतो, पोलिसांना कळवावंच लागतं, पण उपचार तिथंही थांबवायचे नसतात.

नंतर सरकारच्या मनोधैर्य योजनेतून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून पैशांची मदत मिळते, १८१ या महिला हेल्पलाईनवर फोन केला तर सखी वन स्टॉप सेंटरची (अत्याचार झालेल्या बायकांना सगळी मदत एकाच ठिकाणी देणारं केंद्र) माहिती मिळते. हे मला ट्रेनिंगमध्ये नाही, स्वतः शोधून कळलं.

माझी मागणी एवढीच की प्रत्येक केसपेपर खिडकीवर आणि कॅज्युअल्टीच्या दारावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहा की पोलिसांचं पत्र लागत नाही, आणि खिडकीवरच्या माणसाला, गेटवरच्या वॉचमनला पण ट्रेनिंग द्या, फक्त डॉक्टरांना देऊन भागत नाही, कारण पहिली गाठ त्यांच्याशी पडते.

त्या मुलीनी २८ दिवसांचा कोर्स पूर्ण केला. मी रोज संध्याकाळी गोळी घेतली का बघायला जायचे, आणि ती मला विचारायची, ताई, तो माणूस एवढ्या मोठ्यांदा का बोलला.

– एक आशा वर्कर