आरसा देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आपण आपल्या फोटो स्टुडिओचे शटर कायमचे खाली ओढलेत त्या संध्याकाळी, निरोपाला जमलेल्या माणसांत मला आपल्याशी धड दोन शब्दही बोलता आले नाहीत. घसा दाटून आला होता आणि हे लिहितानाही तो मोकळा झालेला नाही. म्हणून पत्राचा आधार घेते, आणि तेही उघड पत्राचा, कारण आपण माझ्यासाठी जे केलेत ते चार लोकांना कळावे असे मनापासून वाटते.

नोकरीवर जाण्याआधी रोज सकाळी पुण्याच्या महात्मा फुले मंडईत जायचे आणि एका तरी माणसाचे व्यक्तिचित्र टिपायचे, हा माझा नेम आपल्याला ठाऊक आहे. त्यातून पैसा मिळत नाही आणि मिळावा अशी अपेक्षाही नाही. 1886 साली उभ्या राहिलेल्या त्या दगडी इमारतीत सकाळचा उजेड बाजूने, मऊ होऊन आत येतो. ओट्यावर बसलेल्या माणसाचा एक गाल उजळतो आणि दुसऱ्या गालापर्यंत पोहोचेतो तोच उजेड सावलीत विरून जातो. हे पाहण्याची एकदा सवय लागली की त्यावाचून दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही.

आपल्याकडे येण्यापूर्वी ही छायाचित्रे मी अनेक जाणकारांना दाखवली होती. एका स्पर्धेच्या परीक्षकांनी सांगितले की, सुरकुत्या आणखी गडद करा, चेहऱ्यावर गरिबी ठळक दिसू द्या, म्हणजे चित्राला वजन येईल. एका कार्यशाळेत भरपूर शुल्क भरून जे ऐकायला मिळाले ते इतकेच, की 50 मिलिमीटरची साधी लेन्स व्यक्तिचित्राच्या कामाची नाही, 85 घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. समोरच्या चित्रातली बाई कोण, ती काय विकते, तिला हे चित्र आवडले का, हे त्यांच्यापैकी एकानेही विचारले नाही. या मंडळींचा मला आजही राग येतो, आणि तो रास्त आहे असे मी मानते.

आपण मात्र प्रत्येक प्रिंट खिडकीपाशी नेऊन पाहिलीत, आणि कोथिंबीर विकणाऱ्या मावशींच्या चित्रापाशी थांबून विचारलेत, “यांचं नाव काय?” मग फिल्मच्या काळातले सांगू लागलात. बारीक टोकाच्या पेन्सिलीने निगेटिव्हवर काम करायचे. जिथे पेन्सिल लागे तिथे प्रिंट उजळ येई, त्यामुळे डोळ्यांखालची सावली आणि कपाळावरची रेघ हलकी करता येई. “पुसायची नाही, नुसती हलकी करायची,” हे आपले शब्द. “माणूस फोटोला येताना केस विंचरून येतो, तो उगीच का?” मुंबईत 1854 सालीच छायाचित्रण संस्था निघाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी यांनी त्या काळात निरनिराळ्या व्यवसायांतल्या माणसांची छायाचित्रे काढली होती, हेही मला प्रथम आपल्याकडूनच कळले. माझे मंडईतले काम म्हणजे रिकामपणाचे खूळ नव्हे, त्यामागे जुनी वाट आहे, हा धीर त्या माहितीने दिला.

आणि निघताना आपण तो आरसा दिलात. पडद्याशेजारच्या कोपऱ्यात खिळ्याला टांगलेला, लाकडी चौकटीचा, एका कडेने पारा उडालेला. त्याच्यासमोर किती नवरानवरी उभी राहिली असतील, किती मुलांचे भांग पाडले गेले असतील! आपण तो काढलात, रुमालाने पुसलात आणि माझ्या हातात ठेवून म्हणालात, “आधी हा त्यांच्या हातात दे. कॅमेरा नंतर काढ.” मी पैशांविषयी विचारले, तेव्हा आपण पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला होता.

दुसऱ्या दिवशी मावशींनी तो आरसा दोन्ही हातांत धरला. हाताला लागलेली माती त्यांनी आधी लुगड्याला पुसली, कुंकू बोटाने नीट केले, पदर खांद्यावरून पुढे घेतला, मंगळसूत्राची वाटी मधोमध आणली आणि मग मान ताठ करून म्हणाल्या, “हां, आता काढ.” ते चित्र त्यांनी काढवून घेतलेले आहे, मी केवळ बटण दाबले. त्याची प्रिंट मावशी गल्ल्याच्या डब्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवतात आणि ओळखीच्या गिऱ्हाइकांना भाजीच्या आधी दाखवतात.

तेव्हापासून माझ्या चित्रांतली माणसे बदलली. पूर्वी ती कॅमेऱ्याकडे पाहत. आता ती आपण कसे दिसावे हे ठरवून बसतात, आणि जवळच्या डोळ्यावर फोकस साधताना त्यांचा तो निश्चय मला स्पष्ट दिसतो. आपल्याजवळचे ज्ञान हिशेब न मांडता देऊन टाकणारी, समोरच्याच्या हौशीला हलके न लेखणारी माणसे अजून आपल्या शहरात आहेत. त्यांची नावे कोणत्याही प्रदर्शनाच्या पत्रिकेवर छापली जात नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. आपल्यासारख्यांच्या सज्जनपणावरच आमच्यासारख्यांचे शिक्षण चालते.

एक विनंती आहे. स्टुडिओच्या भिंतींवर इतरांचे कितीतरी चेहरे होते, आपला एकही नव्हता. आपली हरकत नसेल तर एखाद्या सकाळी मंडईत यावे आणि मला आपले व्यक्तिचित्र काढू द्यावे. नऊच्या आत उजेड चांगला असतो. मावशींनी आपल्याला पाहायचे आहे असा निरोप दिला आहे.

आपली कृतज्ञ,
मंडईतली विद्यार्थिनी