जागल आणि झोप

ती. बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा आई फोनवर म्हणाली, बाबा शेतातल्या जागलीवरून पहाटे येतात, पण डोळ्याला डोळा लागत नाही. तेव्हापासून जीव लागत नाही, म्हणून लिहिते.

बाबा, झोपेचं तुमच्या तुरीवरूनच सांगते. तुम्ही तुरीचे शेंडे खुडता, मग बाजूनं फांद्या फुटतात. शेंड्यातलं ऑक्झिन नावाचं वाढीचं द्रव्य खालच्या फुटव्याच्या डोळ्यांना दाबून धरतं, शेंडा गेला की ते मोकळे होतात. झाड हे ऑक्झिन बहुतकरून ट्रिप्टोफॅनपासून, म्हणजे प्रथिनांतल्या एका घटकापासून बनवतं. त्याच ट्रिप्टोफॅनपासून आपल्या अंगात सेरोटोनिन नावाचं निरोप पोचवणारं रसायन होतं. कापूस वेचताना आईला गांधीलमाशी चावली, हात कोपरापर्यंत सुजला होता, आठवतं? त्या माशीच्या विषातही सेरोटोनिन असतं. खाजकुयलीच्या कुसातसुद्धा.

आणि अंधार पडला की आपलं शरीर याच सेरोटोनिनचं मेलाटोनिन करतं. मेंदूत मधोमध तुरीच्या दाण्याएवढी एक ग्रंथी आहे, तिचं हे काम. येल विद्यापीठातले त्वचेचे डॉक्टर अॅरन लर्नर यांनी १९५८ साली गुरांच्या ग्रंथींतून ते वेगळं काढलं. मेलाटोनिन अंगाला सांगतं, रात्र झाली. डोळ्यांत उजेड गेला की ते बनणं मंदावतं, आणि वयाबरोबर ते कमीच होत जातं.

आता तुमची रात्र बघा. मचाणावरून रानडुकरांवर बॅटरी मारायची, जाग राहावी म्हणून मोबाईल बघायचा, दोनला विजेची लाईन आली की हरभऱ्याला पाणी द्यायला उतरायचं, आणि उजाडल्यावर उन्हातून घरी. अंगाला रात्र कळणार कशी? तुम्ही म्हणता, आता म्हातारे झालो. बाबा, नुसतं वय नाही ते.

जागल शेजारच्या काकांशी पाळीनं वाटून घ्या. पाळी नसेल त्या रात्री मोबाईल आईजवळ द्या. पहाटे आलात की आतल्या खोलीच्या खिडकीला गोणपाट टांगून झोपा. मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नका, मागच्या वेळी अंगणात तोल गेला होता. तालुक्याला डॉक्टरांना दाखवूनच काय ते घ्या.

आई, केळ्यातही सेरोटोनिन असतं, पण ते रक्तातून मेंदूत जात नाही. केळी खुशाल खाऊ घाल, झोपेसाठी मात्र त्यावर विसंबू नको.

संक्रांतीला चार दिवस येते. तेव्हा लाईनवर मी जाईन, बाबांनी घरी झोपायचं.

तुमची,
मोठी