भूक लागायची वाट बघू नको

चि. बाळू यास,
आप्पाचे अनेक आशीर्वाद.

मंगळवारी तुझा फोन आला तेव्हा आवाज तुटत होता, पण एक वाक्य स्वच्छ ऐकू आलं. "आप्पा, जेवणाचं पाकीट उघडायची इच्छाच होत नाही." तुझी आई गोठ्यात होती म्हणून बरं. तिला मी सांगितलं, पोरगा मजेत आहे, दोन्ही वेळ पोटभर जेवतोय. मी बोललेलं हे खोटं आता तू खरं करायचं आहेस, म्हणून पत्र लिहायला बसलो.

डोंगरावर फौजेच्या कुठल्या पोस्टवर आहेस ते मी विचारत नाही, तूही लिहू नको. तेवढी उंची मीही काढलेली आहे.

१९९६ च्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा वर गेलो. सुरुवातीचे दोन-तीन दिवस काही वाटलं नाही. मग एकाएकी जेवणाचा वाससुद्धा नको वाटायला लागला. डोकं ठणकायचं, तोंडाला चव नाही. मी चहावर दिवस काढायला लागलो. माझ्या वाट्याचं पाकीट बडीला, म्हणजे माझ्या जोडीच्या जवानाला, द्यायचो, आणि वर त्याच्यावर उपकार केल्याचा रुबाब! चहात साखर असते, चालतंय, असा माझा हिशोब. तिसऱ्या दिवशी पुढच्या पोस्टला सामान पोचवायचं होतं. दोरीला बांधून निघालो आणि अर्ध्या वाटेत मी खाली बसलो. धाप लागली नव्हती, काही दुखतही नव्हतं. मोडलेला बैल औतात बसतो ना, तसा बसलो. मग शेपूट पिळा नाहीतर आसूड ओढा.

हवालदार आमचे साताऱ्याकडचे. ते ओरडले नाहीत. पाठीवरचा पिट्ठू उतरवला, शक्करपाऱ्याचं पाकीट काढलं आणि एक तुकडा माझ्या दातात कोंबला. आपले शंकरपाळेच ते, पण गोठून गोटा झालेले. दात लागेना. "चावू नको, गालात धर," म्हणाले. धरला. जरा वेळाने कडेची साखर सुटली, मग मैदा भिजला, मग तळणीचा वास नाकात चढला आणि तोंडाला पाणी सुटलं. चार दिवसांत पहिल्यांदा. दुसरा तुकडा मी मागून घेतला. पाचवा संपल्यावर त्यांनी मला उठवलं आणि चालता चालता म्हणाले, "भूक लागली म्हणून घरी खातात, लातूरकर. इथं घड्याळ बघून खायचं."

उंचीवर भूक मरते, तहानही मरते. त्यात तुझा काही दोष नाही, प्रत्येकाचं तेच होतं. अंगाचा खर्च मात्र वाढलेला असतो. थंडीत ऊब धरायची, ओझं वाहायचं, विरळ हवेत श्वास ओढायचा. पोट मागत नाही म्हणून अंगाला नको आहे असं समजू नको. तू फक्त चॉकलेट काढून घेतोस आणि बाकीचं तसंच ठेवतोस हे मला न सांगता कळलं. सगळे नवीन पोरं तेच करतात.

परवा आपल्याकडे येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, झाली. कडब्याची कोप केली, पांडव मांडले, रानात आंबील शिंपडलं. आईने यंदा भज्जीची दोन पातेली केली, तरी दुपारी पातेली पुसून घ्यावी लागली. उंडे, गव्हाची खीर, धपाटे, सगळं होतं. हे तुला जळवायला लिहीत नाही. झालं असं की मी त्यात एक उद्योग केला. लातूरच्या मॉलमधून पुलावाचं रेडी टू ईट पाकीट आणलं होतं, तुझ्या पाकिटाच्याच जातीचं. ते गरम करून येळवशीच्या पंगतीत वाढलं. आजीने आधी हुंगलं, मग एक घास घेतला. "मीठ बराबर हाय," म्हणाली, "पर ताजं हाय का शिळं ते कळंना." मी तारीख वाचून सांगितलं, सात महिन्यांचं आहे. तिने ताट माझ्याकडे सरकवलं.

मग तिला समजावता समजावता माझी भज्जी गार झाली. म्हटलं, हे शिजवून पाकिटात भरतात, तोंड चिकटवतात, आणि मग ते बंद पाकीटच कुकरसारख्या मोठ्या यंत्रात घालतात. दाबाखालची वाफ, १२१ अंशांच्या आसपास. आपल्या घरच्या कुकरची आचही शिट्टीच्या वेळी जवळपास तेवढीच असते. आत जे काही जिवंत असेल ते मरतं, आणि बाहेरच्याला आत शिरायला वाट नसते. पाकिटाला बाहेरून पॉलिस्टर, मधे ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून पॉलिप्रॉपिलीन, असे पदर असतात. आजी म्हणाली, म्हणजे लोणच्यासारखं. नाही, लोणचं मीठ-तेलावर टिकतं, हे नुसत्या आचेवर. आपल्या फौजेसाठी ही विद्या बसवली म्हैसूरच्या डीएफआरएलने, म्हणजे फौजेच्या अन्नावर काम करणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेने. १९६१ पासून ती माणसं जवानाच्या जेवणाच्याच मागे लागलेली आहेत. तिथून ती खाजगी कारखान्यांकडे गेली आणि तिथून लातूरच्या मॉलमध्ये.

मूळ युक्ती मात्र एका फ्रेंच हलवायाची. ॲपेर त्याचं नाव. बाटलीत जेवण भरून, बूच घट्ट मारून तो ती उकळत्या पाण्यात ठेवायचा. १८१० साली फ्रान्सच्या सरकारने त्याला १२,००० फ्रँक बक्षीस दिलं, कारण त्यांना फौज पोसायची होती. ते का टिकतं हे त्यालाही माहीत नव्हतं. त्याचं कारण पाश्चरने कितीतरी वर्षांनी सांगितलं. त्याच सुमाराला पत्र्याचे डबेही निघाले, पण ते उघडायचं हत्यार निघायला पुढे चाळीसेक वर्षं गेली! तोवर शिपाई संगिनीने नाहीतर छिन्नी-हातोड्याने डबा फोडायचे. तुला तर नुसती खाच धरून फाडायचं आहे.

आता ह्याचा तुझ्याशी संबंध काय ते ऐक. लातूर समुद्रापासून सहाशे मीटरच्या आसपास, इथे पाणी ९८ अंशांना उकळतं. पाच हजार मीटरवर ते ८३-८४ अंशांनाच उकळायला लागतं. बुडबुडे तेवढेच दिसतात, पण आच कमी. उघड्या पातेल्यात तूरडाळ दिवसभर ठेव, दाणा मऊ होत नाही आणि रॉकेल मात्र जळून जातं. म्हणून शिजवायचं ते खालीच शिजवून द्यायचं, वर नुसतं गरम करायचं. त्या पाकिटात सगळी करामत एवढीच आहे. चवीला आईच्या हाताशी त्याची तुलना करत बसलास तर रोज हरशील.

गरम करताना पाकीट थेट आगीवर धरू नको. मी धरलेलं आहे. हेक्झामाइनच्या, म्हणजे जळणाच्या, दोन वड्या पेटवल्या, मेस टिनमध्ये, आपल्या जेवणाच्या डब्यात, पाणी घ्यायचा कंटाळा केला आणि राजम्याचं पाकीट चिमट्याने ज्योतीवर धरलं. फुटलं. राजमा माझ्या बाहीवर, बडीच्या झोपायच्या पिशवीवर आणि तंबूच्या छतावर. छतावरचा तिथेच गोठला. पंधरा दिवस आम्ही राजम्याखाली झोपलो, आणि बडी रोज रात्री मोजून सांगायचा, आज एक दाणा कमी झाला. तेव्हा मेस टिनमध्ये पाणी घे, पाकीट न फाडता त्यात सोड, दहा मिनिटं ठेव. ते पाणी फेकू नको, हात आणि टिन धुवायला होतं. वड्या बंद तंबूत पेटवायच्या नाहीत. त्यांचा धूर दिसत नाही, पण डोळ्यांना झोंबतो आणि बंद जागेत जिवावर येतो. वड्या हाताळल्यावर हात पुसल्याशिवाय खाऊही नको.

उद्याचं पाकीट आज रात्री पिशवीत पोटाशी घेऊन झोप. सकाळी निदान दगड तरी नसतो. बिस्किटांचे पुडे वर फुगतातच, हवा विरळ असते म्हणून, त्याने घाबरू नको. पण रश्शाचं पाकीट टम्म झालं असेल किंवा शिवणीतून गळत असेल तर चाखून बघायची हौस करू नको, बाजूला ठेव आणि सांग. पाणीही घड्याळावरच पी. पाकिटावर राहायचं आणि पाणी कमी प्यायचं म्हणजे चार-चार दिवस पोट साफ होत नाही, मग भूक आणखी मरते. हे कुणी कुणाला सांगत नाही, लाजतात. मी बाप आहे, मला कसली लाज. रिकामी पाकिटं खाली येणाऱ्या सामानात टाक. तिथे काही कुजत नाही. तू फेकलेलं तुझ्या नातवाला सापडेल.

बायकापोरांना मी एरवी फौजेच्या गोष्टी सांगत नाही, पण ही तुला सांगतो. एकदा अमेरिकन जवानांबरोबर सराव होता, तेव्हा पाकिटांची अदलाबदल झाली. त्यांच्या एका पाकिटात साडेबाराशेच्या आसपास कॅलरी. काडेपेटीचं कामच नाही: एक पातळ पिशवी, तिच्यात मॅग्नेशियम आणि लोखंडाची भुकटी, चार घोट पाणी ओतलं की फसफसून चटका बसेल एवढी तापते. त्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ विडीसुद्धा पेटवू देत नव्हते. मी माळकरी, म्हणून आधी दोनदा विचारून बिनमांसाचं घेतलं. चव? आजीसारखंच म्हणावं लागेल, मीठ बरोबर होतं. त्या पोराने माझे शक्करपारे मात्र उभ्या-उभ्या संपवले आणि आणखी आहेत का म्हणून खूण केली.

शाळेत आम्हाला एक गुरुजी पालखेडची लढाई शिकवायचे, १७२८ ची. आपल्याच मुलखातली, वैजापूरकडची. निजामाची फौज तिथे अडकली, दाण्यापाण्याला महाग झाली. बाजीराव मोकळ्या अंगाने फिरत होता. घोड्यावर बसून, ज्वारीची कणसं हातावर चोळून दाणे तोंडात टाकतोय, असं त्याचं चित्र निजामाच्या चिताऱ्याने काढलं होतं म्हणतात. चित्र मी पाहिलेलं नाही. गुरुजी ते साधेपणाचं उदाहरण म्हणून सांगायचे. वर जाऊन आल्यापासून मला वेगळंच वाटतं. त्याला त्या वेळी भूक लागली होती असं कुठे कुणी सांगितलंय? थांबायला वेळ नव्हता आणि खायची वेळ झाली होती, म्हणून तो खात होता.

तर सकाळी निघायच्या आधी, दहाला, एकला, चारला, आणि रात्री. थोडं थोडं, पण ठरलेल्या वेळेला. पुलाव गिळवत नसेल तर आधी चहा, मग शक्करपारा गालात, मग पुलाव. बडीला समोर बसव. दोघांनी एकाच टिनमधून खा, म्हणजे कुणी कमी खाल्लं ते लपत नाही. आणि त्याची पण चौकशी करत जा, पोरगा कुठलाही असो.

५६ एपीओच्या, म्हणजे फौजेच्या टपालाच्या, पत्त्यावर पार्सल टाकलंय. शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, तिळाचे लाडू आणि अर्धा किलो येसर. येसर मुद्दाम पाठवलाय. धान्य, डाळ, मसाला सगळं आईने इथे भाजून दळलेलं आहे, त्यामुळे त्याला तुझ्या तिथल्या कमी आचेचं पाणीही पुरतं. गार पाण्यात दोन चमचे कालव, गाठी मोड, मग उकळी आण. फोडणी नसली तरी चालेल. पुलावावर ओत, खाली उतरेल.

आजीने त्या दिवशी मॉलचं पाकीट टाकू दिलं नव्हतं. राखेने घासून, उन्हात वाळवून मिरचीचं बी ठेवायला घेतलं होतं. पार्सल बांधताना तिने बी डब्यात ओतलं आणि तेच पाकीट पुढे केलं. थोडा येसर त्यात भरून मेणबत्तीवर तोंड चिकटवलंय. ते पहिल्यांदा संपव, माझं चिकटवणं काही म्हैसूरसारखं नाही.

तुझा,
आप्पा